तळ्याचा हिशेब उतारावर

काठगोदामला रेल्वेचे रूळ संपतात. तिथून सुमारे ३५ किलोमीटरचा घाट चढून रस्ता नैनितालात शिरतो तो तळ्याच्या खालच्या टोकाला, तल्लीतालला. समोर जवळजवळ दीड किलोमीटर लांब पसरलेलं हिरवं पाणी, डाव्या हाताला आयारपाटाचा दाट झाडीचा डोंगर, उजव्या हाताला माल रोड आणि त्याच्या डोक्यावर शेर का डांडाचा उतार, घरांनी आणि हॉटेलांनी गच्च भरलेला. गाडीतून उतरलेला माणूस इथे आधी पाण्याकडेच बघतो, आणि ते साहजिकही आहे. पण ज्याला हे गाव समजून घ्यायचं आहे त्याने पाण्याकडे पाठ करून दोन गोष्टी बघाव्यात असं मी म्हणेन. एक, तल्लीतालचा बांध. स्थानिक लोक त्याला 'डांठ' म्हणतात. त्याच्या दारांतून तळ्याचं जादा पाणी बलिया नाल्यात सोडतात आणि पातळी फुटांत मोजून लिहून ठेवतात. दुसरी, उतारावरून पायऱ्या-पायऱ्यांनी खाली येणारे दगडी नाले. साठाच्या वर नाले या तळ्याच्या खोऱ्यात बांधलेले आहेत. समुद्रसपाटीपासून १,९३८ मीटरवरचं हे तळं मुळात निसर्गाने दिलेलं आहे यात शंका नाही. पण गेली सव्वाशे-दीडशे वर्षं ते तळं म्हणून उरलं आहे, आणि त्याच्या काठी गाव उभं राहू शकलं आहे, ते या नाल्यांमुळे. नैनितालात किती माणसं राहू शकतात, किती येऊ शकतात, हे ठरवण्याचा अधिकार म्हणूनच उताराचा आहे. आज तो हिशेब वाहनतळावर मांडला जातो. माझी तक्रार आहे ती एवढीच, पण ती मला फार गंभीर वाटते.

नैनितालचा इतिहास सहसा १८४१ पासून सांगतात. त्या वर्षी शाहजहानपूरचा साखरेचा व्यापारी पी. बॅरन इथे पोचला आणि 'पिल्ग्रिम' या टोपणनावाने त्याने या जागेचा गाजावाजा केला. पण तळं तेव्हाही कुणापासून लपलेलं नव्हतं. स्कंदपुराणाच्या मानसखंडात ते अत्रि, पुलस्त्य आणि पुलह यांच्या नावाने त्रिऋषिसरोवर म्हणून येतं. नैनादेवीचं स्थान म्हणून आसपासचे कुमाऊँनी लोक तिथे जत्रेला येत, गुरं चारत, पण वस्ती करत नसत. कुमाऊँचा जुना कमिशनर ट्रेल यालाही जागा माहीत होती. तिचं पावित्र्य बिघडू नये म्हणून त्याने ती गोऱ्यांपासून झाकून ठेवली असं म्हणतात. बॅरनला असला संकोच नव्हता. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नरसिंहाला त्याने होडीत बसवून तळ्याच्या मध्यावर नेलं आणि हक्क सोडल्याचं लिहून दे, नाहीतर पोहत जा, असा पेच टाकला. हा प्रसंग बॅरनने स्वतःच लिहून ठेवला आहे, आणि मार्गदर्शक आजही तो हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्याजोगं काही दिसत नाही. या गावाचा पहिला करारच बुडवण्याच्या धमकीवर झाला, आणि जमीन ज्यांची होती त्यांना विचारण्याची गरज नाही ही समजूत तेव्हापासून इथे मुरली. पुढचा वेग थक्क करणारा आहे. १८४५ मध्ये नगरपालिका, त्याच दशकात सेंट जॉन इन द वाइल्डरनेस हे चर्च, मग वायव्य प्रांताची उन्हाळी राजधानी, निवासी शाळा, क्लब, हॉटेलं. मैदानातल्या उकाड्यातून सुटून वर येणाऱ्या साहेबाला तळ्याचं दर्शन हवं होतं, म्हणून बंगले उन्हाच्या आणि दर्शनाच्या बाजूला, म्हणजे शेर का डांडाच्या कुशीत, एकावर एक चढत गेले.

आणि हाच डोंगर कच्चा होता. तळ्याच्या ईशान्येचा हा उतार ठिसूळ पाटीच्या दगडाचा आहे. त्याच्या थरांत पाणी शिरलं की थर सुटतात. १८६०च्या दशकातही त्याची एक दरड कोसळली होती. समिती नेमली गेली, थोडीफार कामं झाली, बांधकाम चालूच राहिलं. सप्टेंबर १८८० मध्ये दोन दिवसांत वीस इंचांहून अधिक पाऊस पडला. १८ तारखेला, शनिवारी सकाळी, व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागे एक लहान दरड आली. गाडलेल्यांना काढायला अधिकारी, शिपाई, मजूर धावले. दुपारी दीडच्या सुमारास, हे सगळे तिथेच असताना, वरचा अख्खा उतार सुटला आणि काही क्षणांत हॉटेल, त्याखालचं दुकान, असेंब्ली रूम्स आणि नैनादेवीचं जुनं देऊळ घेऊन तळ्याच्या काठापर्यंत गेला. १५१ माणसं मेली. त्यांत १०८ हिंदी होती. आज तळ्याच्या वरच्या टोकाला, मल्लीतालला, जे विस्तीर्ण मैदान आहे, ज्याला सगळे 'फ्लॅट्स' म्हणतात, जिथे हॉकी आणि क्रिकेटचे सामने होतात, संध्याकाळी सहलीला आलेली कुटुंबं मक्याची कणसं खात फिरतात आणि कडेला गाड्या लागतात, त्याचा मोठा भाग त्या दरडीच्या मातीवर आहे. मराठी वाचकाला हे समजायला लांब जावं लागत नाही. २०१४ मधलं माळीण, २०२१ मधलं तळिये, २०२३ मधली इर्शाळवाडी ही नावं आपल्या कानांत ताजी आहेत. फरक इतकाच की माळीणसारखं गाव शोकात जागेवरून उठतं आणि दुसरीकडे वसतं. नैनिताल ज्या जागी गाडलं गेलं त्याच जागी, त्याच मातीवर, पुन्हा उभं राहिलं.

ते उभं राहू शकलं याचं श्रेय मी नाल्यांना देतो. १८८० नंतर सरकारला कळलं की पाऊस थांबवता येत नाही, पण पाणी उतारात मुरण्याआधी वाहून नेता येतं. मग पुढची काही दशकं डोंगरावर आडवे आणि उभे दगडी नाले बांधले गेले. आडवे नाले उतारावरचं पाणी गोळा करतात, उभे नाले ते टप्प्याटप्प्याने, वेग मोडत, खाली तळ्यात आणतात. गाळ अडवायला खड्डे, कचरा अडवायला जाळ्या, पायथ्याशी भिंती. हे काम एकदा करून संपणारं नव्हतं. दर पावसाळ्याआधी नाले उपसावे लागत, फुटलेला दगड बसवावा लागे, भेगा बुजवाव्या लागत, आणि त्यासाठी माणसं नेमलेली असत. ज्यांना हा खटाटोप म्हणजे साहेबाची हौस वाटते त्यांनी सरकारने स्वतःच्या घराचं काय केलं ते बघावं. शेर का डांडावरचं गव्हर्न्मेंट हाऊस जमिनीला तडे जाऊ लागल्यावर सोडून द्यावं लागलं, आणि लाटसाहेबाचा नवा वाडा तळ्यापासून दूर, दुसऱ्या डोंगरावर बांधला गेला. तो वाडा, म्हणजे आजचं राजभवन, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुकाराचा आहे. आपल्या मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्याचंच. शिकारी आणि लेखक जिम कॉर्बेटच्या आईनेही १८८० नंतर दरडीच्या बाजूच्या अल्मा डोंगरावरचं घर सोडून समोरच्या आयारपाटावर, गर्नी हाऊसमध्ये, बिऱ्हाड हलवलं. भूगर्भशास्त्रज्ञ टी. एच. हॉलंड यांनी १८९७ मध्ये या उतारांच्या स्थिरतेवर अहवाल लिहिला. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १८९८ मध्ये, बलिया नाल्याच्या बाजूला दारूच्या भट्टीजवळची दरड कोसळून २८ माणसं दगावली. म्हणजे अहवाल, नाले, सगळं असूनही हा डोंगर पूर्ण वश झाला नाही. पण १८८० सारखी दरड त्या बाजूला पुन्हा आली नाही, आणि सव्वाशे पावसाळ्यांनंतर तेवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. ही सगळी व्यवस्था गोऱ्यांच्या सुखासाठी होती. वरचा माल रोड साहेबांचा, खालचा हिंदी माणसांचा आणि जनावरांचा. नाल्यांचे दगड ज्यांनी पाठीवर वाहिले त्यांना त्या काठी राहायला जागा नव्हती. चर्चमधल्या पितळी पट्टीवर दरडीत मेलेल्या युरोपियनांची नावं आहेत. १०८ हिंदी मृतांची नावं कुठल्याच भिंतीवर नाहीत. मग त्या काळाच्या शिस्तीचे गोडवे स्वतंत्र देशाने का गावेत? माझं उत्तर असं की गोडवे गायचेच नाहीत. ती शिस्त अन्यायाच्या पायावर उभी होती, तिने गाव मूठभरांचं ठेवलं, आणि ते मोडणं योग्यच होतं. मात्र वरचा माल सगळ्यांना खुला करायचा तर नाला बुजवावा लागत नाही. साहेब गेल्यावर त्याचा रस्ता आपण घेतला, बंगले घेतले, क्लब घेतले. नाले उपसायचं काम मात्र वर्षागणिक मागे पडत गेलं. पाण्याला वर्ण माहीत नसतो. ज्या उताराने १८८० मध्ये हॉटेलातल्या पाहुण्यांना आणि त्यांच्या नोकरांना एकत्र गाडलं, तोच उतार आजच्या नागरिकांच्या डोक्यावर आहे. समतेचा आग्रह असेल तर तो नाल्यांच्या देखभालीपासून सुरू व्हायला हवा, कारण उतार सुटला तर आधी गाडली जातात ती नाल्याच्या कडेची, स्वस्तातल्या जागेवरची घरं.

आता तळ्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळलं पाहिजे, कारण नैनितालचा खरा गुंता तिथे आहे. शेर का डांडावरचं पाणी झटपट खाली आणायला हवं. पण आयारपाटाचा डोंगर भेगाळलेल्या चुनखडीचा आहे, आणि त्या बाजूचं पाणी मुरायला हवं. मल्लीतालच्या वर, वायव्येला, सुखाताल नावाची खोलगट जागा आहे. पावसाळ्यात ती भरते, हिवाळ्यापर्यंत आटते. बघणाऱ्याला तो रिकामा खड्डा वाटतो. प्रत्यक्षात तिथे साठलेलं पाणी जमिनीखालून झिरपत नैनी तळ्याला मिळतं, आणि पाऊस नसलेल्या महिन्यांत तळं तग धरतं ते मुख्यतः या झिरपणाऱ्या पाण्यावर. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने पाण्यातल्या समस्थानिकांचा माग काढून हा संबंध दाखवला. त्याच अभ्यासांतून हेही पुढे आलं की काठावरच्या ज्या विहिरींतून गावाला पाणी पुरवतात त्यांत तळ्याचंच पाणी मोठ्या प्रमाणात येतं. म्हणजे पर्यटक ज्या पाण्यावर होडीत बसतो तेच पाणी रात्री हॉटेलच्या नळाला येतं. या गावात एक डोंगर पाणी वाहून नेण्यासाठी आणि दुसरा पाणी मुरवण्यासाठी राखायला हवा होता, आणि सिमेंटने दोन्हीकडे नेमकं उलटं केलं. शेर का डांडावर बांधकामाच्या राडारोड्याने नाले तुंबले, तिथे पाणी मुरू लागलं. सुखातालमध्ये घरं, कचेऱ्या, भराव आणि गाड्या आल्या, तिथे पाणी मुरणं थांबलं. पुढे त्या जागेचं 'सौंदर्यीकरण' निघालं, म्हणजे आटणारं तळं बारमाही दिसावं अशी योजना. त्यावरून वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. आटणं हेच सुखातालचं काम आहे. त्याचा तळ पक्का करून पाणी वर दाखवणं म्हणजे खालच्या तळ्याचा झरा बुजवणं.

यावर सांगितलं जातं की पाऊसच बदलला, हिवाळ्यातला बर्फ कमी झाला, त्याला गाव काय करणार? २०१७ च्या उन्हाळ्यात तळ्याची पातळी इतकी घसरली की कडेने मातीचे त्रिकोणी ढीग उघडे पडले आणि लोक कोरड्या तळावर चालू लागले. त्याआधीचा हिवाळा कोरडा गेला होता, ही वस्तुस्थिती आहे. पण त्याच तळ्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये काय केलं तेही बघावं. दोन दिवसांच्या अतिवृष्टीत ते काठ ओलांडून माल रोडवर आलं, तल्लीतालच्या दुकानांत शिरलं, गावाचे रस्ते तुटले. पाच वर्षांच्या आत एकच तळं तळ दाखवतं आणि काठही ओलांडतं, तेव्हा मला नुसता पाऊस जबाबदार धरता येत नाही. पाऊस लहरी झाला असेल तर पाणी धरून ठेवणारा आणि हळूहळू सोडणारा उतार जास्तच लागतो, आणि आपण तो नेमका त्याच काळात गमावला. उघडे पडलेले ते ढीगही हेच सांगत होते. ते नाल्यांच्या मुखाशी साठलेले होते: वरून आलेली माती, विटा, रेती, प्लास्टिक. ऑगस्ट २०१८ मध्ये खालच्या माल रोडचा एक तुकडा तळ्यात खचला. ऑगस्ट २०२४ मध्ये आयारपाटावरच्या टिफिन टॉपची प्रसिद्ध दगडी बैठक, डोरोथीज सीट, दरडीबरोबर खाली गेली. बलिया नाल्याच्या कडा तर वर्षानुवर्षं ढासळत आहेत, आणि तिथली कुटुंबं हलवावी लागली आहेत. या नाल्याचं वरचं टोक आणि तळ्याचा बांध यांत फार अंतर नाही. तल्लीताल ज्याच्या आधारावर उभं आहे तो हाच उतार.

हे कुणी सांगितलं नव्हतं असं मुळीच नाही. इतिहासाचे अभ्यासक अजय रावत यांनी ९०च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९५ मध्ये न्यायालयाने जे निर्देश दिले ते वाचताना आश्चर्य वाटतं, कारण ते जवळजवळ सगळे उताराबद्दल आहेत. सांडपाणी कुठल्याही परिस्थितीत तळ्यात जाऊ नये. नाल्यांवर बांधकामाचं सामान रचू नये. घोड्यांची लीद पाण्यात पोचू नये. बहुमजली संकुलांना बंदी असावी. माल रोडवरची वाहनं कमी व्हावीत. बलिया नाल्याच्या भेगा वेळ न घालवता दुरुस्त व्हाव्यात. न्यायालयाला रोग नेमका कळला होता. नंतर यंत्रणेने सगळ्यात नेटाने काम कुठलं केलं, तर तळ्याच्या तळाशी नळ्या टाकून पाण्यात हवा सोडण्याचं. २००७ पासून ते चालू आहे, त्याने तळातल्या प्राणवायूची स्थिती सुधारली, मासे मरणं आटोक्यात आलं, आणि ते काम चांगलंच झालं. पण ते पाण्यातलं काम आहे. कंत्राट देता येतं, उद्घाटन करता येतं, काठावरून बुडबुडे दिसतात. नाला उपसणारा माणूस दिसत नाही, आणि उतारावरचं बेकायदा बांधकाम थांबवणाऱ्याला तर शत्रूच मिळतात.

सगळ्यात जड आक्षेप पोटाचा आहे. होडीवाले, घोडेवाले, रिक्षावाले, लोकरी कपडे आणि मेणबत्त्या विकणारे, हॉटेलात भांडी घासणारी पोरं, ही सगळी मे-जूनच्या गर्दीवर वर्षभर जगतात. गर्दी रोखा म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याला दोन दिवसांनी परत जायचं आहे त्याला. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच म्हणतो की गर्दीच्या नावाखाली मिळकत कुणाच्या खिशात जाते आणि किंमत कोण मोजतं ते बघा. गाडी घेऊन तळ्यापर्यंत येणारा माणूस होडीवाल्याला जेवढे पैसे देतो तेवढेच बसने येणाराही देतो. पहिल्याच्या गाडीला मात्र सपाट जागा लागते, आणि नैनितालात सपाट जागा उतार कापल्याशिवाय किंवा पाण्याचा खोलगा बुजवल्याशिवाय मिळत नाही. जुलै २०२३ मध्ये जुन्या मेट्रोपोल हॉटेलच्या आवारातली गरिबांची घरं अतिक्रमण म्हणून पाडली गेली आणि त्या जागेवर वाहनतळाची योजना पुढे आली. ते हॉटेल महमूदाबादच्या राजाचं, आणि पुढे शत्रूसंपत्ती ठरलेलं. कायद्याच्या दृष्टीने ती घरं चूक असतील, मी त्यावर वाद घालत नाही. पण ज्या गावात पिढ्यानपिढ्या राबणाऱ्याला उतारावर जागा नाही आणि दोन रात्रींसाठी आलेल्या गाडीला आहे, तिथे पोटाचा युक्तिवाद कुणाच्या बाजूने वापरला जातो हे उघड दिसतं. शिवाय नैनिताल केवळ हंगामी गाव नाही. इथे राज्याचं उच्च न्यायालय २००० पासून आहे, कुमाऊँ विद्यापीठ आहे, शेरवुड आणि सेंट जोसेफसारख्या शंभर वर्षांहून जुन्या शाळा आहेत. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४१ हजार कायम वस्ती असलेलं हे गाव पावसाळ्यात रिकामं होत नाही. दरड आणि टंचाई दोन्ही इथल्या रहिवाशांच्याच वाट्याला येतात.

तुलनेसाठी आपल्या महाबळेश्वरचं वेण्णा तळं बघा. ते साताऱ्याच्या राजांनी १८४२ मध्ये, म्हणजे बॅरन होडी घेऊन नैनितालात फिरत होता त्याच सुमारास, बांधून घेतलं. ते मुद्दाम बांधलेलं असल्यामुळे त्याची देखभाल करावी लागते हे आपल्याला पटकन पटतं. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवलं तेव्हा विरोध झाला, पळवाटा निघाल्या, तरी वादाचा विषय डोंगर हाच राहिला. नैनितालात निसर्गाचं तळं म्हणून ते आपोआप राहील ही समजूत आड येते. ती सोडली तर करायच्या गोष्टी अवघड असल्या तरी गूढ नाहीत. गर्दीच्या दिवसांत प्रशासन बाहेरच्या गाड्या गावाबाहेर थांबवून प्रवाशांना लहान बसमधून आत आणतंच. ते अपवादाऐवजी बारमाही करता येईल, आणि त्या बस चालवण्याचं काम इथल्याच माणसांना देता येईल. सुखाताल पावसाळ्यात भरू द्यायचं आणि नंतर आटू द्यायचं, त्यात काहीही बांधायचं नाही. शेर का डांडावर नवी खोली चढवण्याची परवानगी मागणाऱ्याने आधी आपल्या वरचा आणि खालचा नाला मोकळा असल्याचं दाखवायचं. तळ्याची पातळी जशी रोज मोजतात तशी प्रत्येक नाल्याची अवस्था पावसाळ्याआधी तपासून गावात जाहीर लावायची, म्हणजे कुठला नाला कुणी बुजवला हे शेजाऱ्यालाही वाचता येईल. पैसा कुठून आणायचा असं विचारलं जाईल. तल्लीतालच्या पुलाशी गावात शिरणाऱ्या गाडीकडून नगरपालिका टोल घेतच असते. त्या रकमेचा ठरलेला हिस्सा नाल्यांच्या उपशावर, बलिया नाल्याच्या भेगांवर आणि तिथून हलवलेल्या कुटुंबांच्या घरांवरच खर्च होईल असं लिहून ठेवावं, आणि दर वर्षी त्याचा जमाखर्च टोलनाक्यावरच लावावा, पैसे भरणाऱ्याला दिसेल असा.